परीचं अंगण

परीच्या बागेत, म्हणजे कुंडीत मांडलेल्या परीच्या इवल्या घर-अंगणात, परी ठेवायची नाही, असं माझं ठाम मत आहे. घर असावं, घराला दार असावं, दार किंचित किलकिलं असावं. बाहेर पाटा-वरवंटा, दोरीवर वाळत घातलेलं इवलंसं धुणं, पायरीशी सांडलेली दोन फुलं. एवढं सगळं हवं, पण ती दिसायला नको. आत्ताच कुठेतरी गेलीय, येईलच इतक्यात, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.

माझ्या भाचीला हे मुळीच मान्य नव्हतं. ती दुसरीत आहे. रोपांच्या नर्सरीत कुंड्यांशेजारच्या फळीवर रेझिनच्या पऱ्या मांडलेल्या असतात. सोनेरी केस, चमकी लावलेले पंख, हनुवटीखाली हात धरून बसलेल्या. त्यातली जांभळ्या पंखांची तिनं मनाशी पक्की केली होती. "मावशी, परीच नाही तर परीची बाग कशी म्हणायची?" प्रश्न रास्त होता. आधी तिला राहावंसं वाटेल असं घर तर करू, मग बघू, असं मी म्हटलं आणि तेवढ्यावर ती तयार झाली.

आमची बाल्कनी पूर्वेला आहे. सकाळी दहा-साडेदहापर्यंत कोवळं ऊन येतं आणि मग दिवसभर सावली, म्हणजे शेवाळ आणि नेचे यांची सोय आयतीच झालेली. मातीची उथळ कुंडी घेतली, परातीएवढी रुंद आणि वीतभर खोल. तळाला भोकं असणं ही पहिली अट. पाणी साचलं की मुळं कुजतात, मग वर कितीही सुंदर घर बांधा. भोकांवर खापराचे तुकडे पालथे ठेवले, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी मात्र निघून जातं. पुण्याची काळी माती नुसती वापरायची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि अंगणाच्या मधोमध भेग पडली की कडेची रोपं उघडी पडतात. लाल माती, जाडसर वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकत्र केलं. गांडूळखत जेमतेम मूठभर. नर्सरीवाले काका "अजून घाला ताई, झाडं जोमात येतील" म्हणत होते. पण मला जोम नकोच होता. का नको, ते कासच्या पठारावर कळतं.

साताऱ्याहून वर चढून कासला पोचलं की पायाखाली जांभा खडक लागतो, आणि त्यावर मातीचा पातळ थर. काही ठिकाणी तर तो बोटभरही नसतो. पावसाळ्यात तेवढ्याशा मातीतून सगळं पठार उगवून येतं. ८५०हून जास्त सपुष्प वनस्पतींची तिथे नोंद आहे, आणि २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कासही आहे. दुरून बघितलं तर रंगांचे पट्टे दिसतात, सगळे फोटो त्याचेच असतात. खरं बघायचं तर वाटेच्या कडेला उकिडवं बसावं. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल आहे, देठ सुताएवढा आणि फूल नखाएवढं. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवर बारीक केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, किडा त्यावर बसला की सुटत नाही. ही दोन्ही झाडं कीटकभक्षी आहेत. तिथल्या मातीत नत्र फार कमी, म्हणून मातीतून मिळत नाही ते किड्यांकडून मिळवायचं. शेजारी गेंद नावाच्या फुलांचे पांढरे गोळे वाऱ्यावर डुलत असतात. माती उपाशी आहे, म्हणून तिथे सगळं एवढंसं राहतं आणि एवढंसं राहूनही पूर्ण असतं. अर्थात हात लावायचा नाही, रोप घरी आणायचा विचारही करायचा नाही. आणायचा तो नियम. मी तोच आणला: खत कमी ठेवलं की झाडं परीच्या मापात राहतात.

माप हा या सगळ्या कामाचा जीव आहे. बाहुलीघरं करणारे कारागीर बहुधा १ फुटाला १ इंच धरतात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाचं घर. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी याच मापाचं एक घर १९२४ साली पूर्ण झालं. त्याचा आराखडा नवी दिल्ली आखणारे वास्तुकार एडविन ल्युटेन्स यांचा. इकडे नवी दिल्ली उभी राहत होती, आणि त्याच वर्षांत ते या इवल्या घराच्या जिन्यांचा आणि खिडक्यांचा विचार करत होते. घरात वीज आहे, नळाला पाणी आहे, लिफ्ट चालते. मला सगळ्यात आवडतो तो घराखालचा खण. तो ओढला की आतून बाग बाहेर येते. ही बाग आखली होती गर्ट्रूड जेकिल यांनी, आयुष्यभर खऱ्याखुऱ्या मोठ्या बागा आखलेल्या बाईंनी. हे घर विंडसर किल्ल्यात आजही बघता येतं. एवढ्या मोठ्या माणसांना हे काम क्षुल्लक वाटलं नाही, याचं मला फार बरं वाटतं.

आम्ही इंच-फूट मोजत बसलो नाही. परी केवढी, हे भाचीनं ठरवलं: तिच्या करंगळीएवढी. मग दार करंगळीहून थोडं उंच, पायरी अर्ध्या नखाची, खिडकी करंगळीच्या मधल्या पेरापाशी, म्हणजे उभं राहून बाहेर बघता येईल. प्रत्येक वस्तू ठेवताना ती आधी करंगळी शेजारी धरायची. तुळशीबागेत भातुकली बघायला गेलो. पितळेचे बंब, चूल, उखळ, जातं, दगडी पाटा-वरवंटा, जे जे खऱ्या स्वयंपाकघरात होतं ते सगळं तिथे तळहातावर मावेल एवढं होऊन बसलेलं असतं. पण त्यातला सगळ्यात लहान पाटासुद्धा आमच्या परीला पलंगाएवढा झाला असता. दुकानदारासमोर करंगळी धरून भाचीनं "हा नाही चालणार" असं सांगितलं. मग पाटा घरीच झाला, चपट्या काळ्या खड्याचा. वरवंट्यासाठी वाळूतून लांबट गोटा शोधला. तो दोन्ही टोकांना सारखा गोल हवा होता, नाहीतर वरवंटा वाटत नाही.

दिवाळीतल्या किल्ल्यात माप असं कधीच सांभाळलं नाही कुणी. मावळा बुरुजाहून उंच, वाघ गुहेत मावत नाही, शेतात नांगर धरलेला शेतकरी थेट बालेकिल्ल्याशी नजर भिडवतोय. आणि तरी तो किल्ला खरा वाटायचा. विटा-दगड रचायचे, गोणपाट चिखलात बुडवून वरून टाकायचं, ओलं असतानाच त्यावर हळीव आणि मोहरी फेकायची. तीन-चार दिवसांत कोंब वर यायचे आणि रात्रीतून डोंगर हिरवा व्हायचा. राजगड करायचा म्हटलं की पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठल्या दिशेला यावरून गल्लीतल्या मोठ्या मुलांची भांडणं व्हायची. किल्ल्यात महाराज हवेतच, त्यांच्यावाचून तो नुसता ढिगारा. सिंहासन ठेवलं, नमस्कार केला, की काम पुरं झालं. पण त्यानंतर तासन्‌तास पोटावर पडून आम्ही काय बघायचो? तर पायवाट. चोरदरवाजापासून खाली उतरणारी, वळणामागे दिसेनाशी होणारी, जिच्यावर एकही मावळा ठेवलेला नसायचा अशी वाट. तिच्यावरून कोण गेलं असेल हे ठरवणं आमच्या हातात होतं. किल्ला दिवाळीनंतर मोडायचा, ती वाट मात्र माझ्या डोक्यात पक्की राहिली.

आजोळी विहिरीच्या काठाशी शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. थोड्या अंतरावर त्यांचा भाऊ म्हसोबा. महाराष्ट्रात पाणवठ्यांवर जागोजागी या सातजणी असतात. मावळात त्यांना मावळाया म्हणतात, आणि इतिहासकार दा. ध. कोसंबींनी या भागातले डोंगर पायी हिंडताना पाणवठ्यांवरच्या या मातांची बारकाईनं नोंद केली आहे. आजी तिथे हळदकुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या ठेवायची, कधी दहीभात. दगडांना नाक नाही, डोळे नाहीत. सातही जणी आजीला स्पष्ट दिसत असाव्यात, कारण ती एकेकीसमोर वेगवेगळी थांबायची. आसरांची आणि परीची बरोबरी मी करत नाही. आसरा ही श्रद्धेची जागा आहे, कुंडीतलं घर हा खेळ आहे. पण ज्याला चेहरा दिलेला नाही ते जास्त जवळचं वाटू शकतं, हे मी त्या विहिरीवर बघितलं, आणि बाग करताना तेच माझ्या मनात होतं.

घराला भिंती म्हणून फुटक्या कुंडीचं खापर घेतलं, वाशांना खराट्याचे हीर. दार आइस्क्रीमच्या काडीचं. कौलांना सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त आनंद त्यातच मिळाला. शाडू घ्यायची नाही, ती पाण्यात विरघळते. मूर्तीसाठी तिचा तोच गुण आहे आणि छपरासाठी तोच दोष. कुंभाराकडून भाजायची माती आणली. तिची पातळ पोळी लाटायची, पोळीच्या अरुंद पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी पेन्सिलीवर अर्धवट गुंडाळायची आणि थोडी कडक झाली की अलगद सरकवून काढायची. झालं नळीचं कौल. काढताना घाई केली की कड मोडते, उशीर केला की पेन्सिल सोडत नाही. बोटाला माती गार लागेनाशी झाली की काढायचं, हे भाचीला माझ्याआधी कळलं. कुंभारानं आपल्या मडक्यांबरोबर तीही भट्टीत भाजून दिली, तांबूस, काही जरा काळपट. एक ओळ उताणी, तिच्यावर एक ओळ पालथी, अशी ती बसवली. पहिल्या पावसात बाल्कनीच्या कठड्यावरून पाणी उडालं तेव्हा पन्हाळीतून थेंब ओघळून अंगणात पडले. घर गळलं नाही.

अंगणात तुळशीवृंदावन हवं यावर दोघींचं लगेच एकमत झालं. परदेशी पद्धतीच्या बागांमध्ये दगडी कॉटेज असतं, पांढरं कुंपण असतं, लाल टोपीवर पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी असते. ती अळंबी थंड प्रदेशातल्या जंगलांत खरोखर उगवते, म्हणून तिथल्या गोष्टींत ती आली, आणि तिथे ती शोभते. आपल्या कुंडीत पावसाळ्यात आपोआप उगवते ती लिंबाच्या रंगाची नाजूक छत्री. सकाळी उघडते, दुसऱ्या दिवशी मान टाकते. झाडाला तिचा त्रास नाही, मात्र ती विषारी असते, तोंडात घालायची नाही हे मुलांना बजावून सांगावं. तसंच गुंजांचं. लाल-काळी गुंज सजावटीला कितीही मोहक वाटली तरी बी विषारी असतं. लहान मूल असलेल्या घरात ती नकोच. वृंदावनात खरी तुळस लावली. मंजिरी चुरडून टाकली की बारीक रोपं येतात. रोप चार पानांचं झालं की मापाबाहेर जातं, मग ते मोठ्या कुंडीत हलवायचं आणि पुन्हा मंजिरी चुरडायची.

झाडं निवडताना उंचीपेक्षा पान बघावं. पान मोठं असेल तर रोप कितीही बुटकं असलं तरी घराशेजारी ते झाड वाटत नाही, नुसतं रोप वाटतं. जाड पानांचं जेड चालतं, पण त्याची छोट्या पानांची फांदी निवडून आणि सतत छाटून. भिंतीवर चढवायला फायकस पुमिला हा वेल, कोवळेपणी त्याची पानं फार लहान असतात. हिरवळीसाठी शेवाळ, तेही आपल्याच गच्चीच्या भिंतीवरून खरवडलेलं, किल्ल्यांच्या तटांवरून किंवा जंगलातून नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते अंगानंच पाणी पितं. म्हणून उन्हाळ्यात ते तपकिरी होऊन पडलं तरी फेकू नये. वळवाच्या एका सरीनं ते पुन्हा हिरवं होतं.

सगळ्यात सुंदर झाड मात्र आम्ही लावलंच नाही. भुईआवळी पावसाबरोबर आपली आपण आली. आपण तिला तण म्हणून उपटतो. पण खाली वाकून बघितलं तर सरळ खोड, दोन्ही बाजूंना आडव्या काड्या, त्यांवर दोन ओळींत चिमुकली पानं आणि पानांच्या खालच्या अंगाला ओळीनं लटकलेली मोहरीच्या दाण्याएवढी फळं. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. करंगळीएवढ्या कुणाला तो आवळ्याचा डेरेदार वृक्षच वाटेल. तिच्याशेजारी आंबुशी आली, तीन-तीन पानांची, पिवळ्या फुलांची. तिच्या पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की बिया उडतात.

पाण्याचं मात्र सांभाळावं लागतं. भाचीला तळं हवं होतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे तळं म्हणजे एक पणती, दर रविवारी रिकामी करून, घासून पुन्हा भरायची. रंगीत दिव्यांच्या माळाही मी लावू दिल्या नाहीत. रात्री अंधार असावा. पतंगांना तो लागतो, झाडांनाही लागतो, आणि दिवसभर हिंडून आलेल्या परीलाही लागत असणार. दिवाळीत पायरीशी एक पणती, ती पुरे.

एकदा घर उभं राहिलं आणि खुणा दिसू लागल्या. भाची पिठाच्या चिमटीनं दारात चार ठिपक्यांची रांगोळी काढते, तांदळाच्या पिठाची. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण स्वच्छ असतं. मुंग्यांची रांग मला दिसते, ती मी भाचीलाही दाखवते. "मुंग्या तिच्याकडे झाडायला येतात," ती म्हणते. एके दिवशी दोरीवरची कापसाची ओढणी नाहीशी झाली. आमच्या बाल्कनीत शिंजीर येतो, काळा-निळा चकाकणारा, आणि त्याची ती फिक्या पिवळ्या पोटाची मादी. घरट्यासाठी ती कोळ्याची जाळी, कापूस, तंतू काय मिळेल ते चोचीत धरून नेते. तिलाच मी कापूस ओढताना पाहिलं होतं, आणि तसं सांगितलंही. भाची जरा विचार करून म्हणाली, "मग ती धुणं घरपोच करत असेल." दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकमेकींना धक्का न लावता राहतात. शिंजिराची मादीही खरी, परीही खरी. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसत नाही.

जांभळ्या पंखांच्या परीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. गेल्या महिन्यात तिची मैत्रीण खेळायला आली होती. तिनं आपल्या दप्तराला लटकवलेली छोटी बाहुली काढून पायरीवर बसवली. भाचीनं ती उचलून परत तिच्या हातात दिली. रागानं नाही, अगदी समजावून. "ती घरात नसताना तिच्या दारात असं कुणी बसायचं नाही. आल्यावर तिला विचारू." मैत्रिणीलाही ते पटलं. मग दोघी बाल्कनीत पालथ्या पडून किलकिल्या दारातून आत बघत बसल्या. आत एक खाट आहे, काडेपेटीच्या काड्यांची, आणि तिच्यावर माझ्या जुन्या नऊवारीच्या चिंधीची गोधडी. खाटेपलीकडे खापराच्या सावलीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यावरून त्यांची पुष्कळ चर्चा झाली. एकीच्या मते तिथे मांजर आहे, दुसरीच्या मते लोणच्याची बरणी.

सध्या आमच्यापुढे वेगळाच पेच आहे. भुईआवळीचं एक नवं रोप नेमकं वृंदावन आणि पायरी यांच्या मधोमध उगवलंय. येण्याजाण्याची वाट अडते. मी म्हटलं, उपटून कडेला लावू. भाचीनं करंगळी रोपाच्या या बाजूनं नेली, त्या बाजूनं नेली, वृंदावनाला खेटून नेली. रोपाला हात लावायचा नाही असं तिनं जाहीर केलंय. रविवारी पणती घासायची तेव्हाच वृंदावन दोन बोटं उजवीकडे सरकवायचं, वाट झाडाला वळसा घालून न्यायची आणि झाडाखाली बसायला एक पार बांधायचा. पारासाठी चपटे दगड शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे.